धागा नसेल तर थांब

"तू ऑफिसात नक्की करतेस तरी काय?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास विचारला जातो. पूर्वी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं उत्तर पुरायचं. आता प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यामुळे सुटका नाही. आणि गेलं वर्षभर माझं उत्तर ऐकून समोरचा माणूस जास्तच गोंधळतो. कारण खरं उत्तर असं आहे, की मी यंत्राने वाचायच्या पाट्या लिहिते.

"येथे थुंकू नये" वाल्या पाट्या नव्हेत हो! (त्या आमच्या नारपोलीत भरपूर आहेत आणि कुणीही वाचत नाही.) माझ्या पाट्या वाचणारा मात्र अक्षर न अक्षर वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवून लगेच कामाला लागतो. म्हणूनच त्या लिहिताना घाम फुटतो. आज जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या लग्नात नुसती या पानाची लिंक दिली की झालं.

तर, आमची कंपनी छोटी. भिवंडीच्या आसपास, म्हणजे अंजूरफाटा, पूर्णा, दापोडे, वळ, माणकोली या पट्ट्यात जी गोदामं आहेत, त्यांतल्या काहींवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना अजून यंत्रमागच आठवतात. माग आहेतच, आमच्या गल्लीत त्यांची खटखट अजून ऐकू येते. पण १ जुलै २०१७ला जीएसटी आला, कंपन्यांना राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायची गरज कमी झाली आणि आधीपासून वाढत असलेली इथली गोदामं आणखी वाढली. इथल्या भाषेत गोदाम म्हणजे "गाळा". अमुक कंपाऊंड, गाळा नंबर तमुक. एवढ्या पत्त्यावर ट्रक केरळातून बरोबर येऊन उभा राहतो.

काही गाळ्यांत औषधांच्या शीतखोल्या असतात. इन्सुलिन आणि बऱ्याच लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. जास्त गरम झालं तर खराब, आणि गोठलं तरी खराब. वाईट गोष्ट ही, की खराब झालेली बाटली दिसायला वेगळी दिसेलच असं नाही. दूध नासलं की कळतं, इन्सुलिन नासलं की ते टोचून घेणाऱ्याच्या साखरेत कळतं. म्हणून खोलीत सेन्सर, सेन्सर दर मिनिटाला आकडा पाठवणार, आमचं सॉफ्टवेअर तो साठवणार, आलेख काढणार आणि काही बिघडलं की बोंब मारणार. यासाठी आम्ही प्रोमिथियस आणि ग्राफाना वापरतो. दोन्ही फुकट मिळणारी, खुली सॉफ्टवेअर्स. प्रोमिथियसचं काम २०१२मध्ये साउंडक्लाउड या गाण्यांच्या कंपनीत सुरू झालं, ग्राफाना २०१४मध्ये आलं. दोन्ही बनली सर्व्हरवर लक्ष ठेवायला. पण आकडा तो आकडा, सर्व्हरचा काय आणि शीतखोलीचा काय!

आता यात एजंट कुठून आला? (विमा एजंट नव्हे. मावशी, तुझ्यासाठी सांगतेय.) एजंट म्हणजे भाषा समजणारं एआय मॉडेल, ज्याला आपण काही टूल्स वापरायची मुभा दिलेली असते. पूर्वी रात्री तीनला अलार्म वाजला की आमच्यातलं कुणीतरी डोळे चोळत लॅपटॉप उघडायचं, चार स्क्रीन बघायचं आणि ठरवायचं की हे खरंच काही आहे की सेन्सरचा चावटपणा. हे पहिलं बघणं एजंटने करावं आणि माणसाला थोडक्यात सांगावं, असा बेत.

पण एजंटला आमचं सॉफ्टवेअर दिसतं कसं? प्रत्येक टूलच्या फक्त तीन गोष्टी त्याच्यापुढे येतात. टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि टूलला कुठली माहिती पुरवायची त्याची यादी. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची खुली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून ही मांडणी बरीचशी एकसारखी झाली आहे. ग्राफानासाठीही अशी तयार टूल्स मिळतात. मुद्दा असा, की टूलच्या आतला कोड एजंटला दिसत नाही. गाळा दिसत नाही. खोलीत शिरल्यावर नाकाला झोंबणारी थंडी कळत नाही. आणि वर्णन लिहिणारीला फोन करून "म्हणजे काय हो?" असं विचारताही येत नाही. मागावर नवा पोऱ्या आला की महिनाभर जुन्या कारागिराशेजारी उभा राहून शिकतो. एजंटचा दर वेळी पहिलाच दिवस! त्याचा जुना कारागीर म्हणजे ते चार ओळींचं वर्णन.

आमच्याकडे सुरुवातीला चौदा टूल्स आली, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून, वर्णनांसकट. एकाचं नाव "गेट स्टेटस", दुसऱ्याचं "चेक स्टेटस", तिसऱ्याचं "फेच स्टेट". तिन्हींचं वर्णन "डिव्हाइसची स्थिती देते." मला तर आमच्या वाड्यातल्या तीन सुनीता आठवल्या. हाक मारली की तिघी बाहेर! आणि तापमानाच्या टूलचं वर्णन होतं "तापमान आणते." बस्स. खोटं त्यात काहीच नाही. तरी त्या दोन शब्दांनी एका जुलैच्या रात्री काय केलं ते सांगते.

एजंट तेव्हा चाचणीवर होता. म्हणजे तो बघणार, सांगणार, पण प्रत्यक्ष कारभार जुन्याच पद्धतीने. त्या रात्री एका गाळ्याची वीज गेली. जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवा होता, त्याचा स्विच अडकला. शीतखोली थंड करणारं यंत्र बंद. आणि सेन्सरचे आकडे आमच्यापर्यंत पाठवणारा छोटा डबा त्याच लाइनवर, तोही बंद. त्यात एक ट्रक लागलेला, त्यामुळे खोलीच्या दाराची उघडझाप चालू. एजंटने पहाटे तीनचा आढावा लिहिला, "गाळा ४, शीतखोली ४.६ अंश, सर्व सामान्य."

४.६ हा आकडा होता एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांचा. त्यानंतर एकही आकडा आलेला नव्हता. टूलने शेवटचा माहीत असलेला आकडा आणून दिला, वर्णनात "तापमान" म्हटलं होतं, एजंटने तो आताचं तापमान म्हणून वाचला. तीनच वाजता त्या गाळ्यातल्या रात्रपाळीच्या काकांनी भिंतीवरच्या थर्मामीटरवर ८.७ बघितलं, वहीत लिहिलं, ट्रकवाल्याला थांबवलं, दार लावलं आणि जनरेटर हाताने सुरू केला. हो, वही. दर तासाला तापमान लिहायची लांबडी वही, दोरीने पेन बांधलेली. सहीसकट.

सकाळी मीटिंगमध्ये दोन आकडे समोर आले. स्क्रीनवरचा ४.६ आणि वहीतला ८.७. आणि पहिलं वाक्य कुणीतरी काय बोललं असेल? "काकांचा थर्मामीटर जुना असेल."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बोलणारा माणूस वाईट नव्हता. पण स्क्रीनवरचा आकडा नीट टाइप केलेला होता, दशांश चिन्हासकट, आणि वहीतला आठ जरा वाकडा होता. अर्ध्या तासाने आकड्याची वेळ तपासली तेव्हा उलगडा झाला. माल बाजूला काढून ठेवला होताच. खोली ८ अंशांच्या वर किती मिनिटं होती याचा हिशेब औषधवाल्या कंपनीच्या क्वालिटीच्या लोकांनी काकांच्या वहीवरूनच केला आणि माल चालेल असं ठरवलं. वही नसती तर सगळा माल फेकावा लागला असता, किंवा काहीच झालं नाही असं समजून तो पुढे गेला असता. दुसरी शक्यता जास्त भयानक आहे.

आणि आता खरी मेख. एजंट नीट चालू लागला की ती वही बंद करायची आणि रात्रपाळीचा एक माणूस कमी करायचा, असा प्रस्ताव आधीपासून कागदावर होता.

त्यानंतर चौदा वर्णनं नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा मी घरी अण्णांना (माझे सासरे) वाचून दाखवला. अण्णांचे नारपोलीत आठ माग होते, आता नाहीत. इंग्रजी बेताचं, म्हणून मराठीत करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "धागाच नसेल तर काय करायचं, ते कुठे लिहिलंयस?"

मला कळेना. मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारून काडेपेटीतल्या दोन काड्या घेतल्या आणि वेफ्ट फोर्क समजावून सांगितला. तुम्हालाही सांगते, कारण यंत्रमागाच्या गावात राहून मलाच तो माहीत नव्हता.

माग चालू असताना धोटा इकडून तिकडे पळतो आणि मागे बाण्याचा धागा सोडत जातो. मागाच्या एका बाजूला दात्यांचा एक हलका काटा असतो, हाच वेफ्ट फोर्क. धागा जागेवर असेल तर तो काट्याच्या दात्यांना अडवतो, त्यामुळे काट्याचं आकडेदार शेपूट वर उचललं जातं आणि खाली हलणारा हातोडा त्याला न अडकता निघून जातो. माग चालू राहतो. धागा तुटला किंवा कांडीवरचं सूत संपलं, की दात्यांना अडवायला काहीच उरत नाही. शेपूट उचललं जात नाही, हातोड्यात अडकतं, ओढलं जातं आणि माग खटकन बंद पडतो. काटा एकाच बाजूला असतो, म्हणून ही तपासणी दर दोन फेऱ्यांनी एकदा.

गंमत बघा. "धागा तुटला" असं कुणी ओरडून सांगायची वाटच हा काटा बघत नाही. धाग्यानेच दर दोन फेऱ्यांनी "मी आहे" असं सांगायचं. नाही सांगितलं तर थांब. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या मागांवर आलेली ही युक्ती. लोखंडाच्या एका काट्याला जे कळतं, ते आमच्या दोन शब्दांच्या वर्णनात नव्हतं.

आणि हे शहाणपण एकट्या मागाचं नाही. भिवंडी रोड स्टेशनावरून वसई-दिवा मार्गाच्या गाड्या जातात. रेल्वेचा नियम असा, की जिथे सिग्नलचा दिवा असायला हवा तिथे तो विझलेला दिसला, तर मोटरमनने त्या सिग्नलचा सगळ्यात कडक इशाराच मिळाला असं धरून वागायचं. अंधार म्हणजे हिरवा नव्हे.

लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हे पहिल्यापासून माहीत आहे. १९९९मध्ये नेटसेंट नावाने आलेलं आणि पुढे नागिऑस झालेलं सॉफ्टवेअर घ्या. त्यात तपासणीची उत्तरं चार असतात. ठीक, इशारा, गंभीर आणि चौथं "माहीत नाही". प्रोमिथियस प्रत्येक ठिकाणचे आकडे गोळा करताना "अप" नावाची नोंद स्वतःच ठेवतो, संपर्क झाला तर १, नाही झाला तर ०. ग्राफानात अलार्म लावताना आकडेच आले नाहीत तर काय समजायचं हे आपल्याला ठरवता येतं. म्हणजे ज्ञान सगळीकडे होतं. काट्यात होतं, नियमात होतं, कोडमध्येही होतं. एजंटपर्यंत पोचायच्या शेवटच्या दोन ओळींत ते गळून पडलं. आणि एजंटसाठी जे वर्णनात नाही, ते जगातच नाही.

बरं, वीज जाण्याची गोष्ट तर आणखी वाकडी. खोली गरम व्हायला लागते तेव्हाच सेन्सरचा डबाही बंद पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण दोघांची वीज एकच. म्हणजे आकडे नेमके हवे असतात तेव्हाच ते गप्प होतात. म्हणून मी नियम केला. टूल काय करतं हे एका वाक्यात लिहायचं, आणि ते कधी गप्प बसतं आणि तेव्हा काय समजायचं, हे त्याहून जास्त सविस्तर लिहायचं.

तापमानाच्या टूलचं आजचं वर्णन देते. मूळ इंग्रजीत आहे, इथे आपल्या भाषेत :

"एका शीतखोलीच्या सेन्सरने पाठवलेला शेवटचा आकडा आणि तो कधीचा आहे ती वेळ, असं दोन्ही देते. तापमान सेल्सिअसमध्ये, वेळ भारतीय प्रमाणवेळेत. आकडा दहा मिनिटांहून जुना असेल किंवा उत्तर रिकामं आलं, तर आताचं तापमान माहीत नाही असं सांग. 'सामान्य' म्हणू नकोस. त्या वेळी गाळ्यातल्या माणसाला फोन करायला सुचव. सेन्सर खोलीच्या मागच्या भिंतीवर आहे, दाराजवळचं तापमान यातून कळत नाही. मागच्या काही तासांचा आलेख हवा असेल तर हे टूल वापरू नकोस, तापमान-इतिहास वापर. गाळा नंबर नेहमी कंपाऊंडच्या नावासकट दे, कारण गाळा ४ दोन आहेत."

दोन शब्दांची जागा आठ-दहा वाक्यांनी घेतली. प्रत्येक वाक्यामागे एकेक गोष्ट आहे. प्रमाणवेळेचंच घ्या. सॉफ्टवेअर वेळ यूटीसीत साठवतं, आपण साडेपाच तास पुढे. आपली मंगळवारची पहाट दोनची वेळ तिथे सोमवारची रात्री साडेआठ असते. "काल रात्री दोनला काय होतं?" असं विचारलं आणि वर्णनात घड्याळ कुठलं ते नसेल, तर एजंट भलत्याच वेळेचा, पण अगदी पटण्यासारखा आकडा आणून देईल. एककाचंही तसंच. प्रोमिथियसच्या जगात चांगली रीत आहे, मोजमापाच्या नावातच एकक लिहायचं, अमुक सेकंद, तमुक बाइट, तमुक सेल्सिअस. टूलच्या वर्णनात तीच रीत पाळली की निम्मे घोळ संपतात.

सेन्सर कुठे आहे, गाळे दोन कसे, हे मला ऑफिसात बसून कळणं शक्य नव्हतं. त्यासाठी मी दोन रात्री त्या गाळ्यावर गेले. (नवरा सोबत होता, सतरंजी घेऊन. तो गाढ झोपला, हे इथे नोंदवून ठेवते.) काका सांगत होते, मी लिहून घेत होते. यंत्रावरचा बर्फ वितळवायची फेरी सुरू झाली की तापमान दहा-पंधरा मिनिटं चढतं आणि मग आपोआप उतरतं, त्याला घाबरायचं नाही. पण ट्रक लागलेला असताना चढलं तर घाबरायचं. मे महिन्यात दुपारी माल आला तर तो आधीच कोमट असतो, खोलीचा दोष नसतो. आणि दाराचा सेन्सर? "ताई, तो बंद म्हणतो म्हणजे दार बंद नसतं. लोहचुंबक जवळ आलं, एवढंच. खाली प्लास्टिकची पट्टी अडकली की बोटभर फट राहते, आणि तो बंदच म्हणतो."

हे ऐकून मला थ्री माइल आयलंड आठवलं. २८ मार्च १९७९, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला अणुवीज प्रकल्प. एक झडप उघडी अडकली आणि तिच्यातून अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात होतं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र ती बंद असल्यासारखं दाखवत होता. कारण तो दिवा झडपेची अवस्था दाखवतच नव्हता, झडपेला बंद व्हायचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. ती गळती थांबवायला दोन तासांहून जास्त वेळ गेला. "झडप बंद आहे" आणि "झडपेला बंद हो म्हणून सांगितलं आहे" या दोन वाक्यांमधली ती फट. आमच्या गाळ्याच्या दाराला बोटभर होती. आता दाराच्या टूलचं वर्णन सुरू होतं ते असं, "दाराचा चुंबक सेन्सरजवळ आहे की नाही ते सांगते. दार पूर्ण बंद आहे याची खात्री देत नाही."

दुसरी रात्र संपत आली तेव्हा काकांनी चहा ओतता ओतता विचारलं, "ताई, मला माहीत असलेलं सगळं तुम्ही त्यात लिहून घेतलंत. मग मी कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. वर्णन जितकं चांगलं लिहीन, तितकं त्यांचं अनुभवाचं भांडवल त्यांच्या हातातून एका फाइलमध्ये जातं, आणि त्यावर त्यांचं नावही नसतं. वाईट लिहावं, तर एखाद्या रात्री चुकीचा "सर्व सामान्य" कुणाच्या तरी घरच्या फ्रिजमध्ये जाऊन पोचतो. मी चांगलंच लिहायचं ठरवलं. पण चांगल्या वर्णनात टूलची हद्दही आली पाहिजे ना? कुठल्या गोष्टी या टूलला कधीच कळणार नाहीत, हे लिहिणंही माझंच काम. आणि तशी यादी केली तर ती बरीच लांब निघाली. फट, वास, ट्रकवाल्याची घाई, यंत्राचा बदललेला आवाज. त्या प्रत्येक ठिकाणी वर्णन शेवटी एकच सांगतं, गाळ्यातल्या माणसाला विचार.

शिवाय एक नवं टूल मागून घेतलं, वहीतली नोंद वाचणारं. काका लिहितात ते फोनवरून भरतातही. वर्णनात ओळ घातली, "माणसाची नोंद आणि सेन्सरचा आकडा यांत फरक असेल तर दोन्ही वेळेसकट सांग. सेन्सरच खरा असं धरून चालू नकोस." ही ओळ घालायला मला जितका वाद घालावा लागला, तितका बाकीच्या सगळ्या वर्णनांना मिळून लागला नाही. पण ती राहिली. वही बंद करायचा प्रस्ताव सध्या तरी बाजूला पडला आहे. तो निर्णय माझ्या हातात नाही, हेही खरं.

जाता जाता आणखी तीन गोष्टी, या धंद्यातल्या वाचकांसाठी. इतरांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

एक, जी टूल्स काहीतरी बदलतात त्यांच्या वर्णनात परिणाम लिहा. आमच्याकडे "अलार्म पाहिला" अशी नोंद करणारं एक टूल आहे आणि अलार्म ठरावीक वेळ गप्प करणारं दुसरं. ऐकायला भावंडं, पण पहिल्याने बाकीच्यांना कळतं की कुणीतरी बघतंय, दुसऱ्याने कुणालाच काही कळत नाही. दुसऱ्याच्या वर्णनाचं पहिलं वाक्य मी असं केलं, "याने भोंगा बंद होतो, बिघाड दुरुस्त होत नाही." दोन, पाटी म्हणजे कुलूप नव्हे. "माणसाला विचारल्याशिवाय वापरू नये" असं वर्णनात लिहिलं तरी खरी परवानगी सॉफ्टवेअरमध्येच अडवली पाहिजे. तीन, लांबलचक लिहिणं म्हणजे स्पष्ट लिहिणं नव्हे. सगळ्या टूल्सची वर्णनं एजंटला एकदम वाचावी लागतात, गर्दी झाली की तोही गोंधळतो. आमची तिन्ही "स्टेटस" मिळून एकच टूल केलं, चौदाची नऊ झाली, वहीचं धरून दहा. मग रात्रपाळीत खरोखर विचारले जाणारे वीस प्रश्न काढले आणि जुन्या-नव्या वर्णनांवर तेच वीस प्रश्न एजंटला घातले. कुठलं टूल उचलतो, रिकामं उत्तर आलं तर काय म्हणतो, ते बघायचं. चुकला की आधी वर्णन तपासायचं. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी सापडतं.

मागच्या पंधरवड्यात पुन्हा वीज गेली. पहाटे एजंटचा निरोप आला, "गाळा ४, पूर्णा. शेवटचा आकडा ५.१ अंश, सतरा मिनिटांपूर्वीचा. आताचं तापमान माहीत नाही. गाळ्यावर फोन करावा." मी फोन लावला. काकांनी दुसऱ्या रिंगला उचलला. "जनरेटर लागलाय ताई, पाच-दोन आहे, वहीत लिहिलंय. झोपा तुम्ही."

सकाळी अण्णांना तो निरोप वाचून दाखवला. "माहीत नाही म्हणाला का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. "मग शिकला," म्हणाले आणि पेपरमध्ये डोकं घातलं.

असो. जनरेटरच्या टूलचं वर्णन अजून बाकी आहे. त्यात "चालू" म्हणजे इंजिन फिरतंय की वीज खोलीपर्यंत पोचतेय, हे काकांना विचारायचंय. आज त्यांची सुट्टी आहे, म्हणून तेवढ्यात हे लिहून काढलं. तुमच्याकडेही असा एखादा दिवा, काटा, घंटा असेलच, जी म्हणते एक आणि सांगते दुसरं. आठवलं तर खाली जरूर लिहा. आणि मावशी, आता तरी कळलं का मी काय करते?